पंचमीला तापलेली कढई

आता मी बहात्तर वर्षांची आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई मला हल्ली पोरसवदा वाटते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी होतेही तशीच. अंगात मस्ती, डोक्यात हवा आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात. त्या दातांचा मला भारी गर्व. आमच्या शेडात दाणा नीट भाजला गेला की नाही, हे माझे दात ठरवायचे.

शेड म्हणजे आमच्या घरामागचा जुना गोठा, शिराळ्यापासून अर्ध्या तासावर. म्हशी विकल्या, खाली फरशी बसवली, भिंतींना पांढरा रंग मारला आणि गावातल्या आम्ही सात बायका तिथं शेंगदाण्याचे लाडू करून विकायला लागलो. पुढारी मी. मला कुणी केलं नव्हतं, मीच झाले होते.

मुलगा फौजेत, सीमेवर कुठंतरी. सून फलटणची, अन्नपदार्थांचंच शिक्षण घेतलेली. लग्नानंतर वर्षभर ती शेडात नुसती येऊन बघायची. मग एक दिवस तिनं भिंतीवर भलाथोरला कागद चिकटवला. पोत्यातून दाणा निघतो तिथपासून लाडू डब्यात बसतो तिथपर्यंत सगळ्या पायऱ्या त्यावर लिहिलेल्या: निवडणं, भाजणं, गार करणं, सोलणं, कुटणं, वळणं, भरणं. प्रत्येक पायरीपुढं एकच प्रश्न. इथं काय बिघडू शकतं? या सगळ्या प्रकाराला एक इंग्रजी नाव होतं, ते मला अजून नीट म्हणता येत नाही.

दोन पायऱ्यांभोवती तिनं लाल गोल काढले होते. भाजणं आणि गार करणं.

"बाकी ठिकाणी चुकलं तर पुढं सावरता येतंय, आत्या," ती म्हणाली. "या दोन जागी चुकलं की पुढं सावरायला कुणी न्हाई."

"आगं, चाळीस वर्षं लाडू वळतीया मी. खाऊन अजून एक माणूस मेला न्हाई."

"मेला न्हाई हे तुमाला कसं कळलं? घरोघर जाऊन इचारलं?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला राग आला. मी तो भाजणीच्या सुईच्या मीटरवर काढला. लांब सुई असलेलं ते मीटर दाण्यांत खुपसायचं, आकडा बघायचा, वहीत लिहायचा. तारीख, कितवा घाणा, किती अंश, ताटांत पसरून किती वेळ गार केला, खाली सही. रोज. मी चार दिवस लिहिलं. पाचव्या दिवशी दुपारी मालिका बघत बसले असताना वही मांडीवर घेतली आणि महिना संपेपर्यंतची सगळी पानं भरून टाकली. एकशे साठ, एकशे अठ्ठावन्न, एकशे साठ. मधेच एकशे त्रेसष्ट लिहिलं, खरं वाटावं म्हणून. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की त्या दिवशी मालिकेतली खाष्ट सासूसुद्धा मला गोड वाटली.

श्रावण लागला. कवठे महांकाळच्या बाजूला एक मुलींचं वसतिगृह आहे. मेंढरं घेऊन वर्षातले सहा-आठ महिने फिरणाऱ्या घरांतल्या मुली तिथं राहून शिकतात. एकशे वीस पोरी. रोज संध्याकाळी प्रत्येकीला एक लाडू, असे पंधरा दिवसांचे लाडू आम्ही द्यायचे ठरले. एका डब्यात एकशे वीस, असे पंधरा डबे. आमच्या शेडातून तालुक्याबाहेर जाणारं ते पहिलंच काम. गाडी येणार नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

आठ डबे सून असतानाच भरून झाले. सगळं तिच्या कागदाप्रमाणं, एक पायरी इकडची तिकडं नाही. मग पंचमीसाठी ती दोन दिवस आधीच माहेरी गेली. जाताना पिशवी खांद्याला, पाय उंबऱ्याबाहेर, तरी वळून म्हणाली, "आत्या, गरम दाणा झाकायचा न्हाई. बाकी काय बी करा."

"व्हय गं बाई. जा, आईला भेट."

पंचमीला आमच्याकडं चिरत नाहीत, तळत नाहीत, भाजत नाहीत. चुलीवर तवा नाही की कढई नाही. उकडलेलं खायचं. शिराळ्याच्या पंचक्रोशीत हे कुणाला सांगावं लागत नाही, इथलं पोर चालायला शिकतं तेव्हाच हे शिकतं. म्हणून उरलेल्या सात डब्यांचा दाणा आदल्या दिवशीच भाजून घ्यायचा ठरला.

आदल्या दिवशी बायकांचा भावासाठी उपास. पावसाची झड लागलेली. दुपारी वीज गेली ती आलीच नाही. भाजणी संपली तेव्हा दिवस कलला होता. पोटात कावळे, अंगणात फेर धरायला पोरी जमायला लागलेल्या. दाणे ताटांत पसरायचे तर सगळ्या फरशीवर ताटं मांडायची, वर पंखा नाही, आणि दोन तास तिथं बसून कोण राहणार? मी हुकूम सोडला, "भरा पिंपात. वर फडकं टाका, त्यावर झाकण. उंदरानं तोंड घालायला नको."

एक जण म्हणाली, "काकी, गरम हाईत अजून."

"गरमच बरं. मऊ पडायचं न्हाईत."

ती गप्प बसली. आमच्या शेडात मी बोलले की बाकीच्या गप्प बसायच्या. सुनेच्या कागदावर ही गप्प बसायची पायरी नव्हती. खरं तर सगळ्यात आधी तिच्याभोवतीच लाल गोल काढायला हवा होता.

पंचमीला दुपारी पूजा उरकून आम्ही पिंप उघडलं. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब टपटपले. वरचा दाणा ठीक, खालचा हाताला दमट. आणि एक वास आला. ओल्या गोणपाटाचा असतो तसा. मला तो आला. आज हे सहज सांगते, कारण आता मला लाजवायला घरात कुणी मोठं उरलेलं नाही. मी बायकांना म्हणाले, "पावसाची हवाच दमट हाय," आणि सकाळी वीज आलीच होती, कुटायच्या यंत्राचं बटण दाबलं. चिरणं, भाजणं, तळणं वर्ज्य. यंत्र फिरवायचं नाही असं कुठं सांगितलंय?

मग गूळ घातला. मग वेलदोडा. नेहमीपेक्षा तिप्पट वेलदोडा. वास पार गेला. लाडू असे घमघमले की शेजारीण कुंपणावरून डोकावून विचारायला लागली.

पंधराही डब्यांवर तारखेची चिठ्ठी मी एकसारखीच लावली. आधीचे आठ, आताचे सात, सगळ्यांवर एकच तारीख, पंचमीची. सुबक दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सात वाजता गाडी डबे घेऊन गेली आणि मी अंघोळ करून पानाला चुना लावत ओसरीवर बसले.

सून आली दुपारी सव्वा वाजता. गाडी तीच चालवते, नवऱ्याची जुनी. हातपाय धुतले आणि सवयीनं वही घेऊन बसली. मी पान चघळत होते. तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

"आत्या."

"काय गं?"

"पंचमीला कढई कुणी ठेवली?"

मला आधी कळलंच नाही. म्हणाले, "कुणाची टाप हाय पंचमीला कढई ठेवायची!"

"मग हे एकशे साठ अंश कशाचं?"

पान तोंडातल्या तोंडात राहिलं. महिनाभराची पानं भरताना मी रविवार बघितले होते, अमावास्या बघितली होती. पंचमी माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेली होती. नागोबाच्या मुलखातली, आडनावाआधी पंचमी शिकलेली बाई मी, आणि माझ्या सहीनं पंचमीला कढई तापली होती.

ती चिडली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. एकेक प्रश्न विचारत गेली. खरं कधी भाजले? गार कुठं केले? किती वेळ? पिंप कुठाय? मी उत्तरं दिली, प्रत्येक उत्तरागणिक आवाज बारीक होत गेला. पिंपाच्या तळाशी दोन मुठी दाणे उरले होते. तिनं ते उजेडात नेले. दाण्यांवर पांढरट लव होती, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही इतकी.

"भाजलेला दाणा तहानलेला असतो," ती हळू म्हणाली. "गरम झाकला की सोताचाच घाम पितो. मग बुरशी. आणि या बुरशीचं विष भाजून जात न्हाई, कुटल्यावर दिसत न्हाई. बारक्या पोरींच्या काळजावर, लिव्हरवर जातंय ते."

"किती वाजता वाटणार लाडू?" मी विचारलं.

"पाच वाजता." दीड वाजून गेला होता.

वसतिगृहाच्या बाईंचा फोन बंद. गाडीवाला म्हणाला, डबे सकाळीच पोचवले, सही घेतली, परत निघालो. सुनेनं किल्ली उचलली. मी चप्पल घालून गाडीत शेजारी बसले, हातात फोन. शिराळा मागं पडलं, पाऊस काचेवर आदळत होता. पेठ गावाच्या पुढं कुठंतरी वसतिगृहाच्या हापिसातला फोन एकदाचा लागला. शिपाई बोलला. बाई मिरजेला बैठकीला गेल्यात, चारला येतील.

आता एक साधं वाक्य बोलायचं होतं. लाडू वाटू नका, खराब आहेत, चूक माझी. मी म्हणाले, "लाडू आज देऊ नगा. जरा मऊ पडल्यात."

"मऊ?" तो हसला. "आवं मावशी, मऊ असलं तर पोरी जास्तच खात्यात. काळजी नगा करू!"

आणि फोन ठेवला.

सुनेनं माझ्याकडं बघितलं. गाडी चालवताना ती कधी मान वळवत नाही, तेव्हा वळवली. "मऊ?" एवढंच म्हणाली.

मी लगेच परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, वाजत राहिला. शिपाई पाणी भरायला गेला असणार, ताटं मांडायला गेला असणार. सांगली येईपर्यंत मी किती वेळा लावला ते आठवत नाही. अंगठा दुखायला लागला. सांगलीत गर्दी. मिरजेजवळ रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडीचे डबे एकामागून एक जात होते, संपतच नव्हते. सून स्टेअरिंगवर बोटं वाजवत होती. मला एकदम लघवीला लागल्यासारखं झालं, पण सांगायची हिंमत झाली नाही. बत्तीस दातांची पुढारी चिमणीसारखी कोपऱ्यात बसली होती.

मिरज सोडल्यावर पाऊस थांबला. तिकडं आभाळ नुसतं येऊन उभं राहतं, पडत नाही. दोन्ही बाजूला उघडी रानं, मधेच मेंढरांचा कळप. पाचला दहा कमी असताना आम्ही वसतिगृहाच्या फाटकातून आत गेलो.

व्हरांड्यात पोरी दोन रांगांत मांडी घालून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पुढं स्टीलची ताटली, ताटलीत एक लाडू. डोळे मिटून, हात जोडून श्लोक चालला होता. शेवटच्या ओळीला आवाज चढायला लागला होता.

"खाऊ नगा!"

माझ्या तोंडून असा आवाज निघाला की भिंतीवरचं कबुतर उडालं. एकशे वीस पोरींनी डोळे उघडले. वसतिगृहाच्या बाई हापिसातून पळत आल्या. बैठकीहून नुकत्याच आलेल्या, खांद्याची पिशवी तशीच. सून त्यांना बाजूला घेऊन भराभरा सांगायला लागली. बाईंनी ऐकलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काकू, तुमी काय म्हणताय?"

अजूनही वाट होती. पाऊस म्हणता आलं असतं. वीज म्हणता आलं असतं. दोन्ही खरंच होतं.

"दाणा मी झाकला," मी म्हणाले. "वास आला तवा येलदोडा घातला. वहीत बी मीच खोटं लिवलं."

बाईंनी खांद्याची पिशवी खाली ठेवली. ताटल्या गोळा करा, एवढंच शिपायाला म्हणाल्या. शिपाई खाली मान घालून लाडू टोपल्यात टाकत गेला आणि सून मोजत गेली. शेवटची ताटली झाली.

"एकशे एकोणीस."

पुन्हा मोजले. एकशे एकोणीस. डबा तळापर्यंत बघितला. शिपायानं न विचारताच आईची शपथ घातली. बाईंनी रांगेकडं वळून विचारलं, "कुणी खाल्लाय?" कुणी हललं नाही. "खाल्ला असंल तर रागवायची न्हाई. दवाखान्यात न्यावं लागंल, म्हणून इचारतीया." दवाखाना म्हटल्यावर पोरी आणखीच घट्ट झाल्या. सुनेच्या ओठांचा रंग गेला होता. एका लाडवानं काय होतं, असं तिनंच दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं एरवी. पण तो कुणाच्या पोटात आहे आणि चांगल्या आठ डब्यांतला आहे की खराब सातांतला, हे कळायला मार्ग नव्हता. मार्ग मी चिठ्ठ्या लावून बंद केला होता.

मी फरशीवर फतकल मारून बसले. गुडघे तेव्हा वाकायचे.

"पोरींनो, पंचमीला तुमच्यात कढई ठेवत्यात का गं?"

"न्हाईऽऽ," सगळ्या.

"आमच्यात बी न्हाई. आणि मी वहीत काय लिवलं? पंचमीला कढई तापवली, एकशे साठ अंश. खाली झोकात सही."

एक मोठी पोरगी खुदकन हसली. "आजी, नागोबा चावला न्हाई व्हय तुमास्नी?"

"चावला की. ती बघ तिकडं उभी हाय." मी सुनेकडं बोट केलं. "फलटणचा हाय, लय इखारी."

व्हरांडाभर हसू फुटलं. सूनसुद्धा हसली, म्हणजे नाकातून फुस्स केलं. मी थांबले नाही. म्हणाले, "मी खोटं बोलले त्याला कारण काय? भ्याले. म्हटलं खरं कळलं तर लोक काय म्हणत्याल. आता सगळ्यांम्होरं सांगितलंय. एवढं बी वाईट वाटंना झालंय. जरा वाटतंय, पण एवढं न्हाई."

खांबाजवळची एक पोरगी उठली. आठ-नऊ वर्षांची, केसांना लाल रिबिनी. चालत माझ्यापर्यंत आली आणि फ्रॉकच्या खिशात हात घातला. खिशाला तेलाचा डाग पडला होता. लाडू निघाला, एका बाजूनं चेपलेला.

मी तो हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. "चावलास?"

"न्हाई."

"चाटलास?"

"न्हाई आजी. ऐतवारी आई येणार हाय. तिला दावायचा हुता." मग जरा थांबून म्हणाली, "नुसता वास घेतला. येलदोड्याचा लय भारी वास येतोय."

आयुष्यात मला लोकांनी पुष्कळ बोल लावले. सासूनं लावले, नणंदेनं लावले. त्या पोरीनं कौतुक केलं ते जेवढं लागलं, तेवढं त्यातलं काही लागलं नाही.

पंधराही डबे तिथंच फोडले. शिपाई म्हणाला, मेंढरास्नी घालू की, वाया कशाला. सून म्हणाली, मेंढरांनाही तेच विष. मागच्या रानात खड्डा खणला. अठराशे लाडू मी माझ्या हातानं कुस्करले, कुत्र्यामांजरांनी उकरू नयेत म्हणून चुना टाकला. त्यातले आठ डबे अगदी चांगले होते. ते कुठले, ते देवालाही सांगता आलं नसतं. अन्न टाकू नये असं शिकवलेल्या हातांनी चांगलं अन्न पुरलं, आणि हात सबंध वेळ वेलदोड्यानं घमघमत होते.

परत येताना सांगली आली. मग सून म्हणाली, "आत्या, भडंग खायचं का?" मी हो म्हणाले. तिनं गाडी थांबवली. पुडा माझ्या हातात देताना म्हणाली, "भाजणीची तारीख इचारलीया मी."

बाईंनी काम काढून घेतलं नाही, का ते मला आजवर कळलेलं नाही. पंधरा दिवसांनी नवे डबे गेले. त्यांच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, आणि वर एक छोटी पुडी होती, रिबिनवालीसाठी दोन लाडू. एक खायचा, एक दाखवायचा.

आता दात गेले, मीटर मात्र तेच आहे. आसपासच्या गावांत बायकांचे असे गट झालेत, तर सून मला त्यांची शेडं बघायला पाठवते. चोराला चोराच्या वाटा ठाऊक, असं तिच्या मनात असावं. तोंडानं म्हणत नाही. मी गेले की बायका वही पुढं करतात, अगदी स्वच्छ, सुबक अक्षर. मी सुरुवातीपासून बघतच नाही. सरळ श्रावण उघडते आणि पंचमीवर बोट ठेवते. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात पंचमीला कढई तापलेली असतेच. बाईचा चेहरा पडतो. मग मी फतकल मारून बसते, आता भिंतीला टेकून, आणि तिला माझ्या वहीचं ते पान दाखवते. ते मी पिशवीत बाळगते. एकशे साठ अंश, खाली झोकात सही.

आमच्या लाडवांत आता वेलदोडा नसतो. गिऱ्हाइकं विचारतात, काकी, वेलदोडा का घालत नाही? मी सांगते, आमच्यात पद्धत न्हाई.

तेवढं एक खोटं मी अजून बोलते.